मास्तरांचा डिसेंबर

मास्तर निवृत्त झाले ते फक्त जिल्हा परिषदेच्या कागदावर. हजेरीपट तेव्हाही काखेत होता, आजही आहे. तेव्हा त्यात चौथीची पोरं होती, आता नांदेडकडचं नायगाव आणि आजूबाजूच्या खेड्यांतली कॅथलिक घरं आहेत. घरं मोजकीच, पण मास्तर रकाने आखतात ते दोन तुकड्यांना पुरतील असे. डिसेंबर जवळ आला की लाल पेनात नवी रिफिल पडते, खिशात पावतीबुक येतं आणि आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी हा माणूस कुणी न देता चार्ज घेतो.

आगमनकाळ म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार. चर्चच्या लेखी हा वाट बघण्याचा काळ. मास्तरांच्या लेखी चार घटक चाचण्या. दर रविवारी एक मेणबत्ती जास्तीची पेटवायची. तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी. बाजारात मेणबत्ती मिळते ती पांढरी, लाईट गेल्यावर लावायची. मास्तरांनी त्यांना जांभळ्या जिलेटिनचे झगे शिवले. 2019 च्या 1 डिसेंबरला पहिला झगा भडकला, तेव्हा फादर नेमके जागे राहण्याविषयी बोलत होते. त्या दिवशी एकही माणूस पेंगला नाही, आणि मास्तरांनी त्याचंही श्रेय घेतलं.

अख्खा मराठवाडा एका औरंगाबाद धर्मप्रांतात, 1977 पासून. महागुरुस्वामी म्हणजे बिशप तीनेकशे किलोमीटरवर, फादर नांदेडला. म्हणजे वरिष्ठ कार्यालय लांब आणि खालचा कर्मचारी मोकाट. ही परिस्थिती मास्तरांना शाळेपासून मानवते. फादर देगलूर रस्त्यानं मोटारसायकलवर पन्नासेक किलोमीटर येतात, हेल्मेट काढतात न काढतात तोच मास्तर त्यांच्या हातात कागद ठेवतात : ‘प्रवचन 12 मिनिटे. मागील वेळी 19 झाली.’ फादर तरुण आहेत. त्यांनाही लहानपणी असंच कुणीतरी शिकवलं असणार, कारण ते निमूट कागदाची घडी करतात आणि “हो मास्तर” म्हणतात.

पापनिवेदनाच्या दिवशी तर मास्तरांना ऊत येतो. पाप सांगायचं ते धर्मगुरूच्या कानात आणि त्यानं ते मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, हा नियम मास्तरांना पूर्ण मान्य आहे. फक्त रांग लावणं ही प्रशासकीय बाब आहे. आधी म्हातारी माणसं, मग बाया, मग लेकरं, आणि शेवटी ‘वेळ लागणारे’. हा शेवटचा गट मास्तर स्वतः निवडतात.

“तू मागं हो.”

“कामून मास्तर?”

“सोसायटीच्या निवडणुकीत काय काय केलास ते आठवायला टाइम लागंल. बस थोडा.”

मध्येच आत डोकावून फादरांना म्हणतात, “आता येणारा बांधाचं आपणहून काढणार नाही, तुम्ही विचारा.” फादर डोळे वटारतात. मास्तर कर्तव्य बजावल्याच्या समाधानानं मागं सरतात. स्वतःचा नंबर आला की अर्ध्या मिनिटात बाहेर, आणि आपल्याच नावापुढं लाल बरोबरची खूण.

खरी चाचणी हजेरीची. दसरा-दिवाळी झाली की कंधार, मुखेड, नायगाव भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. कारखाना एकदा पेटला की नाताळसाठी विझत नाही. कोयत्यातून उरलेली तरणी पोरं पुण्याला नाहीतर हैदराबादला. त्यामुळे वसई-मुंबईकडं ज्या दिवसांत चर्चमध्ये उभं राहायला जागा नसते, त्या दिवसांत आमच्या हजेरीपटात शेरे पडतात : कोयता, कोयता, पुणे, कोयता, हैदराबाद. मास्तर मुकादमांना फोन लावतात. मुकादम म्हणतो, “गुरुजी, माझ्याकडं रजेचा रकानाच नाही.” मग त्या पोराला फोन. “बरं, तिथं जवळ कुठं चर्च असंल तर जा. अन् फोटो पाठव. फोटो आला तर हजर लावतो.” एकानं कोल्हापूरकडच्या एका चर्चच्या बंद दारासमोर बायको-लेकरांसह काढलेला फोटो पाठवला, तोही नाताळ उलटून गेल्यावर. मास्तरांनी बराच वेळ विचार करून अर्धी हजेरी लावली.

जे गावात असतात त्यांना अडवायला लाईट असते. शेतीच्या पंपाला वीज पाळीनं मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. 24 ची रात्र रात्रपाळीत आली की हरभऱ्याला पाणी द्यायचं की मध्यरात्रीच्या मिस्साला यायचं? एक शेतकरी म्हणाला, “मास्तर, मेंढपाळ पण रात्रीचे रानातच होते की.” मास्तर म्हणाले, “हो, पण देवदूतानं सांगितल्यावर निघाले.” तो म्हणाला, “त्यांना मोटार बंद करायची नव्हती.” या मुद्द्यावर सुवार्तेत खुलासा नाही. मास्तर लाईनमनला भेटून आले. त्यांच्या माहितीत चौथीत शिकलेला प्रत्येक माणूस अजून त्यांच्या हाताखालीच आहे, आणि लाईनमन त्यांच्याच वर्गातला निघाला. पण फीडर काही त्यांच्या वर्गातला नव्हता.

लाऊडस्पीकर रात्री 10 ला बंद, हा दुसरा अडथळा. त्यासाठी मास्तरांचा अर्ज नोव्हेंबरातच तयार : ‘विषय : प्रभू येशूच्या जन्माच्या वेळेबाबत.’ पोलिसांनी तो दोनदा वाचून शांतपणे विचारलं, “गुरुजी, 10 च्या आत उरकत नाही का?” मास्तर म्हणाले, “परंपरेनं 12 ला होतो.” शेवटी मिस्सा रात्री 8 ला ठरली, आणि लाईटवाले शेतकरीही खूश झाले. मास्तरांनी मात्र सूचनेच्या फळ्यावर लिहिलं, ‘मध्यरात्रीची मिस्सा रात्री ठीक 8 वाजता.’

मास्तरांच्या डोक्यात दुसरं एक नायगाव आहे. वसईजवळचं, लोकल थांबते ते. मुलगा तिकडं नोकरीला होता तेव्हा एका नाताळला राहून आले आणि बिघडले. वसईचा धर्मप्रांत वेगळा, 1998 पासून. चर्चं हाकेच्या अंतरावर, घराघरांवर कंदील, गव्हाणीच्या स्पर्धा, परीक्षक, बक्षिसं. परीक्षक हा शब्द ऐकूनच त्यांचं मन तिथं गुंतलं असावं. तेव्हापासून प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘तिकडच्या नायगावात’. तिकडच्या नायगावात फुगे तळतात, तिकडच्या नायगावात इंद्याल करतात. आमच्या बाया ऐकून घेतात आणि दिवाळीत केल्या त्याच करंज्या आणि शंकरपाळे पुन्हा करतात.

त्यात सप्टेंबर 2019 मध्ये वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवडले गेले. फादर वसईचा, संमेलन मराठवाड्यातलं! मास्तरांनी पेपरातलं कात्रण लॅमिनेट केलं आणि नाताळची वर्गणी 51 वरून 101 वर नेली. “संमेलनाध्यक्ष आपला, अन् तू एक्कावन्न काढायलास?” लोक म्हणाले, संमेलन जानेवारीत आहे, उरलेले पन्नास तेव्हा देतो.

त्या वर्षीच गाढव आलं.

नाताळच्या नाटुकल्याचं दिग्दर्शन अर्थात मास्तरांकडं. लूकच्या सुवार्तेतला त्यांचा आवडता भाग देवदूतांचा नाही, जनगणनेचा. आयुष्यात घरोघर फिरून त्यांनी माणसं मोजली आहेत, त्यामुळे योसेफ नाव नोंदवायला मूळ गावी निघतो, तो प्रवेश ते लांबवतात. आणि प्रवास म्हणजे गाढव हवं. 1223 साली इटलीत ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसनं खरा बैल आणि खरं गाढव उभं करून गव्हाणी मांडली होती; मग आपण पुठ्ठ्याचं का करायचं? माळेगावची खंडोबाची यात्रा त्या साली नाताळला खेटूनच होती. तिथला गाढवांचा बाजार प्रसिद्ध. तेलंगणाकडून निघालेला एक व्यापारी जनावरं घेऊन नरसी फाट्याकडं मुक्कामाला होता. मास्तर गेले, कडब्याच्या बोलीवर एक गाढव ठरवून आले.

24 ला संध्याकाळी दोन गोष्टी कळल्या. योसेफ व्हायचा पोरगा कर्नाटकातून निघालाच नव्हता, मुकादमानं अडवला. आणि गाढव मालकाशिवाय पाऊल टाकत नव्हतं. मास्तरांनी एका दगडात दोन पक्षी मारले : मालकालाच योसेफ केलं. त्याच्या कपाळावर भंडारा होता. पुसा म्हटल्यावर तो म्हणाला, “भंडारा पुसणार नाही. गाढव घेऊन जातो.” मास्तर म्हणाले, “राहू द्या, राहू द्या. योसेफ पण प्रवासातलाच माणूस.” संवाद एकच होता : जागा आहे का?

आमच्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये पत्र्याखाली सगळी माणसं बसलेली. सातवीतली मरिया गाढवावर, पुढं पिवळ्या कपाळाचा योसेफ. त्यानं धर्मशाळावाल्याला विचारलं, “जागा हाय का?” धर्मशाळावाला म्हणाला, “नाही.” इथं योसेफानं खिन्न होऊन उजवीकडच्या गव्हाणीकडं वळायचं होतं. पण जो माणूस गेले कित्येक मुक्काम गावोगाव हाच प्रश्न विचारत आला होता, त्याला नाही म्हटल्यावर काय करायचं ते पक्कं माहीत होतं. त्यानं गाढव वळवलं आणि मरियेसकट दारातून सरळ रस्त्यावर नेलं.

लोकांना वाटलं, हे तिकडच्या नायगावातलं काहीतरी असेल. सगळे वाट बघत बसले. मेंढपाळ आले, त्यांना नमस्कार करायला कुणी सापडेना. गब्रिएल दूत कुणाकडं बघून बोलावं म्हणून मास्तरांकडं बघू लागला. मास्तर हजेरीपट घेऊनच बाहेर धावले, मागोमाग आम्ही. पलीकडच्या गल्लीत एका शेतकऱ्याच्या दारात गाढव बांधलेलं. या माणसाचा नाताळशी संबंध आमच्या करंज्यांपुरता. दार वाजवणाऱ्यानं जागा विचारली म्हणून त्यानं गोठा मोकळा करून दिला होता, मरियेला चहा दिला होता आणि योसेफाशी बैलांच्या भावाबद्दल बोलत बसला होता.

“चला परत,” मास्तर म्हणाले.

शेतकरी म्हणाला, “थंडीत कुठं नेता लेकराला? हितं काय कमी हाय?”

कमी काहीच नव्हतं. गाय होती, वैरण होती, चाळीसचा बल्ब होता. मास्तरांनी दाराच्या चौकटीत उभं राहून सगळं तपासलं आणि प्लास्टिकच्या खुर्च्या मागवल्या. हॉलमधला बाळ येशू कापडात गुंडाळून आणला. दूत वैरणीच्या गंजीवर चढला. फादरांनी घड्याळ बघून हात जोडले आणि मिस्सा पावणेनऊला सुरू झाली. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा ‘उशीर’ हा शेरा कुणाच्याही नावापुढं लिहिला नाही. अर्थात, लिहायचा म्हटलं असता तर पहिला स्वतःच्या नावापुढं लिहावा लागला असता.

26 डिसेंबरला येळवस होती. मार्गशीर्ष अमावस्या, लातूर-नांदेडकडच्या शेतकऱ्याचा रानात जेवायचा दिवस. लातूरकडं तर त्या दिवशी बाजार ओस पडतात. गोठेवाल्यानं आम्हा सगळ्यांना शेतात बोलावलं. पण नेमकं त्या सकाळी सूर्यग्रहण होतं. भज्जी, उंडे, आंबील सगळं कोपीपाशी झाकून ठेवलेलं.

“आम्ही ग्रहण पाळत नाही,” मास्तर म्हणाले.

“तुम्ही नका पाळू,” शेतकरी म्हणाला, “भज्जी केलेली बाई पाळती.”

मग करायचं काय? मास्तरांनी नाताळचा हिशेब वाचायला काढला. भुकेल्या माणसांपुढं हिशेब वाचू नये, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. मेणबत्त्या, जिलेटिन, हॉलची झाडलोट, मटण, मसाला, खुर्च्यांचं भाडं. कलम नववे : गाढवास कडबा, 60 रुपये.

मागून एक म्हातारा उठला. या म्हाताऱ्याकडं दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ आहे आणि तो ते वाचतो, हीच मास्तरांची मोठी अडचण. तो म्हणाला, “मत्तय पाहिला, लूक पाहिला. जन्माच्या कथेत गाढवाचा उल्लेखच नाही. खर्च नामंजूर.”

मास्तरांनी लाल पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. संत फ्रान्सिस सुचले, पण म्हाताऱ्यापुढं इटली चालली नसती. शेवटी शेतकरीच म्हणाला, “साठ रुपये माझ्यावर टाका गुरुजी. गाढव माझ्या दारात बांधलं होतं. पण पावती द्या, फुकट नाही देणार.”

पावतीबुक निघालं. नाव लिहिलं, रक्कम अक्षरी लिहिली. ‘कशापोटी’ या ओळीवर पेन थांबलं. मास्तरांनी सूर्याकडं बघायचं टाळत आभाळाकडं बघितलं आणि लिहिलं : ‘मुक्कामाचे भाडे’. शेतकऱ्यानं वाचून विचारलं, भाडं तर घेणाऱ्यानं द्यायचं असतं, मी जागा दिली, पैसेही मीच कसे? मास्तर म्हणाले, “पुढच्या वर्षी वळते करू,” आणि हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर लाल पेनानं त्याचं नाव चढवलं.