रास्त विनंती
2020 साली कोरोनाच्या धांदलीत मेडआर्काइव्ह नि बायोआर्काइव्ह या संकेतस्थळांवर प्रीप्रिंटांचा, म्हणजे समीक्षेआधीच्या शोधनिबंधांचा, पूर आला. माणसांना वाचायला सवड कुठली? मग तपासायला यंत्रं बसली. बारझूका स्तंभालेख हुंगतो, जेटफायटर इंद्रधनुषी रंगपट्ट्या पकडतो (त्यांनी रंगांध वाचकाची फसगत होते, हे मात्र खरं). एक यंत्र लेखकांनी मर्यादा कबूल केल्यात का, तेवढंच बघतं. केल्यात की! शेवटी ‘नमुना लहान होता’ असं टेकवलं, झालं. ऑडपब विचारतो, डेटा कुठाय? लेखक म्हणतात, ‘रास्त विनंती केल्यास मिळेल.’ याला तो खुला डेटा धरत नाही, पण धरला तरी देतंय कोण? मी तीनदा ईमेल धाडलं. माझी विनंती बहुधा अजून रास्त व्हायची आहे.