हरणाच्या शिंगावरचा ओरखडा

कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात 1976 साली सुरू झालेल्या सायकल शर्यतीला ‘रीपॅक’ हे नाव पडले, कारण उतारावर मागच्या चाकाच्या हबमधील ब्रेक इतका तापे, की आतले ग्रीस जळून जाई आणि हब पुन्हा ग्रीसने भरावा लागे. त्याच कुळातील जुन्या माउंटन बाइकच्या सुट्या भागांची प्रत आज मात्र ते कधी तापलेच नाहीत यावरून ठरते. शिमानोच्या 1982 च्या ‘डिओरे एक्सटी’ संचातील मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारी यंत्रणा, चिखलधोंड्यांसाठीच घडवलेला होता. परंतु त्यावर कोरलेल्या हरणाच्या शिंगाला ओरखडा दिसला, की पारखी सुतकी चेहरा करतो. सांधे बोटांनी हलवून ढिलाई अजमावणे किंवा दात झिजून आकड्यासारखे वाकले आहेत काय हे पाहणे, ही परीक्षा खरी असली तरी गौण मानली जाते. मान असतो तो भागाच्या पाठीवर ठसवलेल्या दोन अक्षरांना: पहिले वर्षाचे, ज्यात ‘ए’ म्हणजे 1976, आणि दुसरे महिन्याचे, त्यामुळे ‘जीसी’ म्हणजे मार्च 1982. ही कुंडली सायकलच्या सांगाड्याच्या जन्मसालाशी जुळली नाही, तर भाग धडधाकट असूनही सोयरीक मोडते. सर्वोच्च दर्जा अर्थातच मूळ खोक्यातून कधीही बाहेर न आलेल्या डिरेलरला मिळतो, कारण तो गिअर बदलतो की नाही, हे तपासण्याचे पातक कोणाच्याही हातून घडलेले नसते.