माहेरचा ब्रँड

घरात लॅपटॉप एकच घ्यायचा, साठ हजारांच्या आत बसवायचा आणि दोघांनी वापरायचा, इथवर आमचं एकमत होतं. ते एक कप चहा संपेपर्यंत टिकलं. कप विसळता विसळता नवऱ्याने विचारलं, "कुठल्या कंपनीचा?" आणि घरात दोन पक्ष झाले.

मी घरून हिशेबाची कामं करते. काही दुकानदारांच्या टॅलीतल्या नोंदी, जीएसटीची रिटर्नं, आणि जुलै उजाडला की सोसायटीतल्या निम्म्या लोकांची इन्कम टॅक्सची कामं. नवरा शाळेत चित्रकलेचा शिक्षक. त्यामुळे माझ्या मते लॅपटॉप म्हणजे ज्याच्यावर आकडे पडतात ते यंत्र, आणि त्याच्या मते जे टेबलावर नुसतं पडलेलं असलं तरी टेबल बरं दिसतं ते. आधीच्या लॅपटॉपची बिजागरी एका बाजूने उचकटली होती आणि शेवटी शेवटी तो आम्ही भिंतीला टेकवून वापरत होतो. त्या कंपनीचं नाव घेत नाही. तिचे भक्त आमच्या नात्यात आहेत आणि दिवाळीला फराळाला येतात.

माझं मत ठरलेलं होतं: थिंकपॅड. काळा, चौकोनी, मधोमध लाल ठिपका. हे मत माझं एकटीचं नाही, ते माहेराहून आलेलं आहे. माझे वडील ज्या कंपनीत होते तिथे पगाराचा हिशेब आयबीएमच्या यंत्रावर व्हायचा. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला, पण आमच्या घरी ऐंशी रकान्यांची पंचकार्डं पुढे कितीतरी वर्षं पोथीतली खूण म्हणून टिकून होती. बाबांच्या लेखी जगात यंत्र बनवणारी कंपनी एकच. बाकीच्या खेळणी बनवतात.

नवऱ्याला हवा होता मॅकबुक एअर. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्झने व्यासपीठावर एका साध्या खाकी पाकिटातून लॅपटॉप बाहेर काढला होता, ती फीत माझ्या नवऱ्याने इतक्यांदा पाहिली आहे की पाकीट उघडण्याच्या क्षणी त्याचा स्वतःचा हात हलतो. "अगं, कागदपत्रांच्या पाकिटातून!" तो म्हणाला. मी म्हटलं, "आपल्याकडे पाकिटातून वेगळ्या गोष्टी बाहेर काढतात, आणि त्यातच तर अडचण आहे."

ब्रँडवरून होणारं भांडण हे खरं तर गोड्या मसाल्यावरच्या भांडणाचंच भावंड. आमच्याकडे दगडफूल किती घालायचं हा प्रश्न लग्नानंतर बरीच वर्षं धुमसत होता. त्यात कोणी आमटीची चव बघत नसे, कोणाच्या आईचा मसाला हे बघत. तसंच इथे. मी थिंकपॅडची बाजू घेताना प्रोसेसरबद्दल अवाक्षर काढत नव्हते, आणि तो दुसऱ्या बाजूने बॅटरीबद्दल. दोघंही आपापल्या घराण्याची अब्रू सांभाळत होतो.

पहिला डाव मी जिंकला, तोही तांत्रिक मुद्द्यावर. टॅली विंडोजवर चालतं, मॅकवर ते चालवायला आडवळणं घ्यावी लागतात. शिवाय डिजिटल सहीचं ते पेनड्राइव्हसारखं टोकन असतं, त्याला जुन्या पद्धतीचं रुंद यूएसबी भोक लागतं आणि एअरला फक्त चपटी भोकं. जोडणी विकत मिळते हे खरं. पण रिटर्नच्या शेवटच्या रात्री ती जोडणी कुठल्या खणात असेल हे आमच्या घरात कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. किमतीचा मुद्दा मी काढलाच नाही. त्याने तो मनातल्या मनात काढला असावा, कारण एकदम समजूतदार आवाजात तो म्हणाला, "बरं, मॅक नको. पण तुझा तो काळा डबा पण नको."

आता गंमत अशी की थिंकपॅड हा खरोखर डब्यावरूनच सुचलेला आहे. १९९२ मध्ये तो बाजारात आला. त्याचं रूप ठरवलं रिखार्ड झापर नावाच्या जर्मन माणसाने, आणि त्याच्या डोळ्यांसमोर होता जपानी बेंतो, म्हणजे जेवणाचा काळा लाखेचा डबा. बाहेरून साधा, उघडला की आत नीटनेटके कप्पे. हे मी रात्री जेवताना सहज सांगितलं. नवऱ्याचा घास हातातच राहिला. "झापर? टिझिओ दिव्याचा झापर?" टिझिओ हा १९७२ चा टेबललॅम्प, दोन दांड्या आणि त्यांना तोलून धरणारी वजनं, न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात ठेवलेला. ह्याने त्याचं रेखाचित्र आठवीच्या मुलांना फळ्यावर काढून दाखवलं आहे. इतकी वर्षं आपण ज्याची टवाळी केली ते आपल्याच आराध्य दैवताचं काम निघावं, हे पाहून तो बराच वेळ गप्प होता. मग पाणी पिऊन म्हणाला, "पण आता ती कंपनी आयबीएमची कुठे राहिलीय?" हे त्याचं बरोबर होतं. २००५ मध्ये आयबीएमने हा सगळा धंदा लेनोव्हो या चिनी कंपनीला विकला. बाबा तेव्हा हयात होते. आम्ही त्यांना सांगितलं नाही.

मधल्या काळात सासूबाईंनी आमच्या उघड्या पडलेल्या फोनवरची चित्रं पाहून एकच प्रश्न विचारला: "ह्याचं झाकण घट्ट आहे का?" आम्ही दोघं हसलो. नंतर लक्षात आलं, जाहिरातीत जे कुठेच छापत नाहीत ते त्यांनी विचारलं होतं.

दसऱ्याच्या आधीचे सेल सुरू झाले होते. 'नो कॉस्ट ईएमआय' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं दिसलं की माझ्यातला हिशेबनीस जागा होतो. व्याज नाही असं कर्ज जगात नसतं. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना शून्य टक्के व्याजाच्या योजनांबद्दल कान पकडून सांगितलं आहे. होतं एवढंच की व्याजाइतकी सूट किमतीत आधी दाखवतात आणि मग व्याज लावतात. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी मात्र आपणच भरतो. हे मी नवऱ्याला कागदावर मांडून दाखवलं. त्याने कागदाच्या मागच्या बाजूला लॅपटॉपचं चित्र काढलं. चांगलं काढलं होतं.

शेवटी एका शनिवारी ठाण्याहून गाडी पकडली, दादरला बदलली आणि ग्रँट रोडला उतरलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, लोकांच्या तोंडी लॅमिंग्टन रोड. तिथे दुकानात शिरायचं नसतं, दुकानच आपल्यात शिरतं. "बोला साहेब, लॅपटॉप, प्रिंटर, सीसीटीव्ही?" असं म्हणत दोघं-तिघं आपल्या चालीने चालायला लागतात. नवऱ्याने कधी नव्हे ते ठामपणे एक अरुंद दुकान निवडलं. का, तर त्याच्या पाटीवरची अक्षरं सुबक होती.

काउंटरमागे एक मुलगा होता, विशीतला. आम्ही दोघांनी एकाच वेळी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची नावं घेतली. त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. जोडपी रोजच येत असणार. तो म्हणाला, "काकू, बनवणारे तिकडे तैवानचे तेच तेच आहेत. क्वांटा, कंपाल. ह्याचा पण बनवतात, त्याचा पण बनवतात. झाकणावरचं नाव सोडा, काम काय ते सांगा."

माझ्या माहेराचं आणि त्याच्या पाकिटाचं असं एका वाक्यात विसर्जन झालं. मग मी काम सांगायला लागले आणि माझं मलाच कळलं की मला हवा आहे तो उजवीकडचा आकड्यांचा कीपॅड. दिवसभर आकडे मारणाऱ्या माणसाला वरच्या ओळीतून आकडे शोधायला लावणं ही शिक्षा आहे. आणि चौदा इंची यंत्रांवर, मी ज्याच्यासाठी दोन आठवडे भांडत होते त्याच्यावरसुद्धा, हा कीपॅड नसतो. नवऱ्याने स्वतःच्या फोनमधून पळसाच्या फुलाचा फोटो काढला आणि एकेका स्क्रीनवर लावून पाहायला लागला. स्वस्तातल्या बहुतेक स्क्रीनवर पळस विटलेला, भगवा धुतल्यासारखा. मुलाने सांगितलं, "४५ टक्के एनटीएससी पॅनल आहे, काका." एनटीएससी हे १९५३ सालचं अमेरिकन रंगीत टीव्हीचं माप. त्या मापाने आजही लॅपटॉपचे रंग मोजतात आणि निम्म्याहून कमी रंग देऊन वर त्याला 'ब्रिलियंट डिस्प्ले' म्हणतात. दोन आठवडे मी त्याला दिखाऊपणाचा चाहता म्हणत होते. त्याला फक्त लाल रंग लाल दिसायला हवा होता. त्याने एवढं तरी सांगायचं की नाही! पण मीही कीपॅडचं कुठे सांगितलं होतं?

मुलाने खालच्या कपाटातून मागच्या वर्षीचं मॉडेल काढलं. चौदा इंच, धातूचं झाकण, दोन रुंद यूएसबी भोकं, १६ जीबी रॅम, आणि पळस पळसासारखा. नवं मॉडेल आल्यामुळे किंमत आमच्या साठाच्या आत उतरली होती. कीपॅड सुटा, वायरचा, काही शे रुपयांचा. मी सासूबाईंची आठवण ठेवून झाकण एका हाताने उघडलं, मिटलं, कोपऱ्यातून धरून पाहिलं. घट्ट होतं. कंपनी कुठली ते इथे लिहीत नाही. लिहिलं तर वाचकांतही दोन पक्ष पडतील. एवढंच सांगते की ती त्याचीही नव्हती आणि माझीही नव्हती, आणि बिल माझ्या नावावर झालं.

मुलाने तिथेच तो चालू करून दिला. भाषा, देश, वेळ, सगळं ठीक चाललं आणि मग पडद्यावर प्रश्न आला: नाव काय? आम्ही एकमेकांकडे पाहिलं. नवऱ्याला कुठूनतरी वाचलेलं आठवलं की १९३९ मध्ये ह्यूलेट आणि पॅकार्ड या दोन मित्रांनी कंपनी काढली तेव्हा आधी कोणाचं नाव लावायचं हे नाणं उडवून ठरवलं होतं. "मोठ्या माणसांनी घालून दिलेला पायंडा आहे," म्हणत त्याने खिशातून दोन रुपयांचं नाणं काढलं. मी छापा म्हटलं.

"काका," मुलगा बिलावर शिक्का मारता मारता म्हणाला, "दोन यूजर करता येतात."

नाणं तोवर वर गेलं होतं. ते खाली आलं ते थेट प्रिंटरच्या खोक्यांमागे, आणि छापा पडला असा माझा दावा आहे.