काम काढणाऱ्या गृहस्थांसाठी मार्गदर्शक सूचना

घराचे काम काढण्यास प्रशस्त काळ कोणता, ते आधी पाहू. मे महिन्यात सुतार घरच्या लग्नांसाठी राजस्थानात गेलेला असतो. पावसाळ्यात भिंती ओल्या, म्हणून रंगाचे नाव काढू नये. गणपतीत प्लंबर कोकणात, आणि दिवाळी उरकून आपण हुश्श करतो तोवर रंगारी छठसाठी बिहारच्या गाडीत बसलेला. मधल्या मोकळ्या दिवसांत काँट्रॅक्टर दुसऱ्या साइटवर असतो. एवढे समजूनही ज्यांना काम काढायचेच आहे, त्यांनी पुढे वाचावे. सूचना कोथरूड-डोंबिवलीकडच्या पंचवीस-तीस वर्षे जुन्या फ्लॅटला धरून आहेत. बंगलेवाल्यांनी आपापला आर्किटेक्ट पाहून घ्यावा.

पहिल्या भेटीत काँट्रॅक्टर चपला दाराबाहेर काढतो. हे दृश्य डोळे भरून पाहून घ्यावे, पुन्हा दिसणार नाही. मग तो बाथरूममध्ये जाऊन बोटाच्या पेराने टाइलवर टकटक करतो, पोकळ आवाज आला की मान हलवतो आणि विचारतो, "हे काम कोणी केलं होतं, काका?" हे मंगलाचरण समजावे. आधीच्याने वाट लावून ठेवली आहे, यावर महाराष्ट्रातील तमाम काँट्रॅक्टरांचे एकमत आहे, आणि उद्या याच्या टाइलवर टकटक करून पुढचा तेच विचारणार आहे. आपण गप्प राहावे. आधीचे काम मेहुण्याच्या ओळखीतून झाले असेल, तर विशेष गप्प राहावे, कारण सौभाग्यवती मागेच उभ्या असतात.

यानंतर आकडा येतो. तो तोंडी येतो आणि सोबत "टेन्शन घेऊ नका, घरचंच काम आहे" असे आश्वासनही. आकडा लेखी मागावा. दर नुसत्या मजुरीचा की मालासकट, राडारोड्याच्या गोण्या कोण उतरवणार आणि कोण कुठे नेणार, जीएसटी धरला आहे की नाही, एवढे तरी त्यात असावे. पक्के बिल म्हटले की १८ टक्के वाढतात आणि काँट्रॅक्टर आपल्याकडे दयेने पाहतो. तरी पक्केच घ्यावे. कच्च्या चिठ्ठीवर झालेल्या कामाची तक्रार घेऊन गेल्यास ग्राहक आयोगात चिठ्ठी उलटसुलट करून पाहतील.

मापांचा अभ्यास आधीच करून ठेवावा. वाळूचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, रंगाचा आणि गिलाव्याचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. हे काँट्रॅक्टरला पाळण्यातच कळते, आपल्याला बिलाच्या दिवशी. रंगाच्या मापात खिडकी वजा होणार का, हेही विचारून ठेवावे. पुष्कळदा होत नाही, उलट तिच्या आतल्या कडा वर मोजल्या जातात. ज्या खिडकीतून आपण इतकी वर्षे समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे पाहिले, ती बिलात अखंड भिंत होऊन येते.

माल उतरताना जातीने हजर राहावे. प्लायवर शिक्का असतो, तो वाचावा: साध्या प्लायचा मानक क्रमांक आयएस ३०३, पाण्यात टिकणाऱ्या मरीनचा ७१०. सिंकखालच्या कपाटाला ७१० ठरला असेल, तर नुसते "मरीनच आहे साहेब" ऐकून आत घेऊ नये. टाइल्सचे खोके "दोन बाय दोनच्या चार, म्हणजे सोळा फूट" असे सांगून विकले जाते. टाइल असते ६०० मिलिमीटरची, तेव्हा खोक्यात भरतात साडेपंधरा चौरस फूट. खोक्यामागे अर्धा फूट म्हणजे काही फार नाही, पण हॉल आणि दोन बेडरूम होईपर्यंत एक कोपरा उघडा राहतो, आणि तोवर ती छटा मोरबीहून येणे बंद झालेले असते. म्हणून एकाच बॅचची दोन खोकी जास्त घेऊन माळ्यावर टाकावीत. माळा तोडायचे ठरले असेल तर पलंगाखाली.

आता मुख्य मुद्दा. खर्च फुगला की खापर काँट्रॅक्टरच्या डोक्यावर फोडण्याची प्रथा आहे. ही प्रथा अन्यायाची आहे. खर्च फुगवणारे वाक्य काँट्रॅक्टर उच्चारतच नाही. ते घरातच, रात्री जेवताना, आमटीचा वाडगा पुढे सरकवताना उच्चारले जाते: "आता काम काढलंच आहे, तर…"

उदाहरणादाखल. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल आली, एवढ्यावरून प्रकरण सुरू होते. नहाणी ट्रॅप बदलून वॉटरप्रूफिंग करायचे, बस. पण त्यासाठी फरशी उखडायची, तर टाइल्सही नव्या घालू. टाइल्स नव्या आणि दार तेच फुगलेले? दार बदलू. दाराची चौकट काढताना पॅसेजची फरशी उचकटणारच, मग पॅसेज. पॅसेज गुळगुळीत झाला की हॉलमधली मोझेक फरशी डोळ्यांना खुपू लागते. हॉल उकरताना इलेक्ट्रिशियन जुन्या वायरी हातात धरून दाखवतो. त्याचे म्हणणे मात्र खरे असते. गिझर आणि एसीला चार स्क्वेअर एमएमची वायर लागते, आणि आपल्या भिंतीत दीडची आहे. मग वायरिंग. भिंती खाचल्या म्हणजे पुट्टी, पुट्टी म्हणजे रंग. आणि एवढे सगळे झाल्यावर त्या कडाप्प्याच्या ओट्यावर पोळ्या कोण लाटणार? काँट्रॅक्टर या संपूर्ण काळात कोपऱ्यात उभा राहून वहीत लिहीत असतो. एकदाही "करा" म्हणत नाही. फक्त म्हणतो, "बघा, तुमची इच्छा." काकूंची ओल शेवटी आठवते.

या साखळीत "ही भिंत पाडली तर हॉल केवढा मोठा होईल" हे वाक्य आले, तर जेवण तिथेच थांबवावे. स्ट्रक्चरल इंजिनिअरने लिहून दिल्याशिवाय आणि सोसायटी व महापालिकेची परवानगी हातात आल्याशिवाय भिंतीला छिन्नी लावू देऊ नये. कॉलम आणि बीमला तर हातच नाही, पाइप न्यायलासुद्धा नाही. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची चार मजली इमारत कोसळून १७ माणसे गेली, तेव्हा तिच्या तळमजल्यावर असेच फेरफाराचे काम चालू होते. "आम्ही अशा शंभर भिंती पाडल्यात" म्हणणाऱ्या काँट्रॅक्टरला चहा पाजून निरोप द्यावा.

काम सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी सहा माणसे येतात आणि संध्याकाळपर्यंत घराचे मैदान करतात. तोडण्याचा वेग पाहून आपण हुरळतो, दसऱ्याला तोरण बांधायचे बेत करतो. दुसऱ्या दिवशी एकच बिगारी येतो, तोही "सेठने बोला है बैठने को" म्हणून बसतो. काँट्रॅक्टरला फोन केल्यास तो साइटवर असतो. कोणत्या, ते विचारू नये. "संध्याकाळी करतो" म्हणतो. कोणत्या संध्याकाळी, तेही विचारू नये.

बाथरूमच्या कामाला मात्र स्वतः उभे राहावे. वॉटरप्रूफिंग झाले की टाइल बसवण्याआधी ट्रॅपला बोळा मारून दोन दिवस पाणी भरून ठेवायला लावावे आणि खालच्या काकूंकडे जाऊन छत पाहावे, कांदेपोहे होतातच. फरशी बसल्यावर उतार तपासावा. तपासण्याची रीत अशी: गवंडी थापी धुऊन उभा असतो, आपण मगभर पाणी कोपऱ्यात ओतायचे. पाणी क्षणभर विचार करते आणि सावकाश दाराकडे निघते. गवंडी पाण्याकडे पाहतो, मग ट्रॅपकडे, मग आपल्याकडे, आणि म्हणतो, "अजून सुकलं नाही ना, काका." सुकल्यावर उतार फिरत नसतो. ओली आहे तोवरच फरशी उचलून घ्यावी.

पैशाचा नियम एकच: काम पुढे, पैसे मागे. सुरुवातीला मालापुरता अॅडव्हान्स, मग तोडकाम, प्लंबिंग, फरशी, सुतारकाम, रंग अशा टप्प्यांनी. टप्पा संपला म्हणजे संपला. "फक्त स्कर्टिंग राहिलंय" याला संपणे म्हणत नाहीत. "पोरांना गावी जायचंय, थोडे द्या" ही मागणी खरी असू शकते. मजुरांची मजुरी अडवू नये, पण काँट्रॅक्टरचा नफा आगाऊ देऊ नये. शेवटचे दहा टक्के हातात ठेवावेत. कपाटाचे दार लागत नाही, बेसिनखाली थेंब पडतो, बेडरूमचा स्विच दाबला की पॅसेजचा दिवा लागतो, हे सारे निस्तरल्याशिवाय ते सोडू नयेत, आणि जमल्यास एक पाऊस पाहून घ्यावा.

या दहा टक्क्यांचा गुण विलक्षण आहे. कामभर ज्याचा फोन लागला नाही, त्याचा आता रोज सकाळी नऊला फोन येतो. तब्येत विचारतो, वहिनींना नमस्कार सांगतो. आपण घाई करू नये. साइटवर असल्याचे सांगावे, आणि संध्याकाळी करतो म्हणावे.