प्रॉडक्शन बघणारा

अप्पर इंदिरानगरला विश्वकर्मा इन्स्टिट्यूट असल्यामुळे बिबवेवाडीत इंजिनिअर होऊ घातलेली मुलं भरपूर. त्यांतली दिग्दर्शक होऊ घातलेली किती, हे पुणेकरांना सांगायला नको. शॉर्ट फिल्म करायची म्हणून अशी सात-आठ मुलं जमली की पहिल्या चहालाच चार दिग्दर्शक, दोन लेखक आणि एक ‘कन्सेप्ट माझी आहे हं’ म्हणणारा निघतो. उरलेल्या एकाला विचारतात, ‘तुला काय करायला आवडेल?’ तो म्हणतो, ‘काहीही.’ हा शब्द तोंडातून पडायचा अवकाश, की तो प्रॉडक्शन बघणारा होतो. त्याच्याकडे दुचाकी असते, घरी एक्स्टेंशन बोर्ड असतो आणि आईवडील लग्नाला गावी जाणार असतात. एवढी पात्रता पुरते. सिनेमाबद्दल त्याला ठाम मतं नसतात, म्हणून गटात त्याला थोडं बिनडोक धरतात. खरं तर अशी फिल्म पुरी होते ती त्याच्यामुळे, आणि फिल्म करून जे शिकायचं असतं तेही मुख्यतः तोच शिकतो.

शूटिंगच्या दिवशी कोणाला काय ठाऊक असतं, ते पाहावं. दिग्दर्शकाला तारकोव्हस्की ठाऊक असतो; याला घंटागाडी किती वाजता येते ते ठाऊक असतं. दिग्दर्शकाला गच्चीवरचा मावळतीचा प्रकाश हवा असतो. गच्चीची किल्ली वॉचमनकाकांकडे, वॉचमनकाकांना चेअरमनांचं पत्र लागतं आणि चेअरमन दुपारी दोन ते चार झोपतात, ही साखळी याला पाठ असते. मार्केट यार्ड–गंगाधामच्या बाजूची मंडळी गटात आहेत म्हणून नाश्त्यात दोन प्लेट जैन सांगायच्या, हे त्याला कोणी बजावावं लागत नाही. ट्यूबलाइटखाली मोबाइलच्या चित्रात काळे पट्टे सरकू लागले की कॅमेरावाला त्याला ‘मूड’ म्हणून खपवू पाहतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्याने शटर 1/50 वर ठेवावं लागतं, हे शोधून काढतो तो हाच. संवाद नीट यावेत म्हणून पंखा बंद करायचा आणि घरघरणारा फ्रिजही. पंखा पुन्हा लावायची आठवण घाम करून देतो, फ्रिजची कोण करून देणार? त्यासाठी ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची एक जुनी युक्ती आहे: फ्रिज बंद करताना आपल्या गाडीची किल्ली त्यातच ठेवायची, म्हणजे तो उघडल्याशिवाय घरी जाताच येत नाही. प्रॉडक्शन बघणाऱ्याची किल्ली दिवसभर श्रीखंडाच्या डब्याशेजारी असते. बाकीच्यांनी त्या दिवसात काय मिळवलं असं विचारलं, तर लाँग टेक घ्यायचा की कट करायचा यावर घातलेला दीड तासाचा वाद दाखवता येईल.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ही हमाली झाली, कोणीही करेल. ‘कोणीही करेल’ असं ज्या कामाबद्दल म्हणतात ते करायला सहसा कोणीही पुढे येत नाही, हे एक उत्तर. दुसरं उत्तर इतिहासात आहे. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा फाळक्यांचं नाव झालं आणि ते रास्तच होतं. पण त्या युनिटचा स्वयंपाक त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत होत्या. प्रकाश परतवायला उन्हात पांढऱ्या चादरी धरून त्या उभ्या राहत आणि कच्च्या फिल्मला भोकं पाडण्याचं कामही त्याच करत. (आजही गटात एखादी मुलगी असली की प्रॉडक्शन ‘ती बघेल’ असं न विचारता ठरतं, शंभर वर्षांत तेवढी परंपरा आपण निष्ठेने सांभाळली आहे.) 1929 साली कोल्हापुरात ‘प्रभात’ निघाली, तीही पाच भागीदारांची. शांताराम, दामले, फत्तेलाल ही नावं लोक पटापट सांगतात, धायबरांशी थोडं अडखळतात आणि पाचवे सीतारामपंत कुलकर्णी कोण म्हटलं की आढ्याकडे बघतात. ते सराफ होते, पैशाची बाजू त्यांनी सांभाळली. 1933 मध्ये हीच कंपनी पुण्यात आली आणि तिच्या स्टुडिओच्या जागेवर 1960 साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथे शिकायची स्वप्नं बिबवेवाडीतले चारही दिग्दर्शक पाहत असतात. त्या जागेच्या पुण्याईत एका सराफाचाही वाटा आहे, हे त्यांच्या गावीही नसतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शेवटी फिल्म मोठी होते ती दृष्टीमुळे, व्यवस्थेमुळे नव्हे. 2024 साली याच इन्स्टिट्यूटच्या चिदानंद नाईक यांच्या ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो’ या विद्यार्थी-फिल्मला कान महोत्सवाच्या ‘ला सिनेफ’ विभागात पहिलं पारितोषिक मिळालं, ते काही वेळेवर वडापाव आले म्हणून नव्हे. मान्य. पण ती फिल्म टीव्ही विभागाच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमातली, आणि शूटिंगला दिवस होते फक्त चार. दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि ध्वनी अशी चार कामं चार जणांत वाटलेली. कोण काय करणार आणि कधी थांबणार, हे अभ्यासक्रमानेच ठरवून दिलेलं. दृष्टी त्या चौकटीत उमलली. लॉ कॉलेज रस्त्यावर जे काम एक अख्खी संस्था करते, ते बिबवेवाडीत एकटा मुलगा करतो, तेही स्वतःच्या पेट्रोलवर.

आता मोबाइलवर एकट्यानेही फिल्म करता येते, मग हे खटलं कशाला, असं कोणी म्हणेल. करावी की. पण तिच्यात दोन पात्रं बोलू लागली की एकाला संवाद सांगावे लागतात, दुसऱ्याला दाढी करू नकोस म्हणून रोज रात्री फोन करावा लागतो, आणि मग पुन्हा कोणीतरी ‘काहीही’ म्हणणारा लागतोच.

तो संत असतो असं मात्र नाही. पैसे त्याच्या हाती असल्याने तो हळूहळू कथेतही हात घालतो. पावसाचा प्रसंग टँकरचा भाव ऐकून ‘ढगाळ’ होतो, नायिकेची कोकणातली आजी सुखसागरनगरला राहायला येते आणि कथेतला समुद्र तळजाईच्या टेकडीवर चढतो. लेखक चिडतो. चिडण्यात अर्थ नसतो, कारण आधीचा समुद्र लेखकाने कुठल्याशा इराणी सिनेमातून उचललेला असतो आणि तळजाई त्याने निदान पाहिलेली असते. तीन मिनिटांत उरकेल असा प्रसंग अकरा मिनिटं लांबवायला दिग्दर्शकाला जी मोकळीक हवी असते, ती ‘सहाला गच्ची रिकामी करायची आहे’ या एका वाक्याने संपते. संकलकाने याबद्दल त्याचे पाय धरायला हवेत. तो धरत नाही, कारण संकलकालाही दिग्दर्शकच व्हायचं असतं.

मग न्याय म्हणून पुढची फिल्म त्यालाच करू द्यावी, अशी सूचना कोणीतरी करतं. तिला गटात जोरदार विरोध होतो: मग प्रॉडक्शन कोण बघणार? समजा, तरीही त्याने केलीच. सगळ्यांना सकाळी सहाची वेळ मिळेल, परवानगीचं पत्र खिशात असेल, सगळं फुटेज संध्याकाळपर्यंत दोन डिस्कवर उतरलेलं असेल. स्पर्धेतले परीक्षक फिल्म पाहतील आणि शेरा लिहितील, ‘तांत्रिकदृष्ट्या नीटनेटकी, संवादांत आशय कमी.’ शेरा बरोबरच असेल. फक्त संवादांत आशय कमी आहे हे कळण्याइतपत ते ऐकू आलेले असतील.