कूलरसमोरचा बेंच

नागपुरात मे महिन्यात जिमला जाणारा माणूस दोनच कारणांनी जातो. एकतर त्यानं वर्षाचे पैसे आगाऊ भरलेले असतात, नाहीतर त्याच्या घरी पाहुणे आलेले असतात. शाळांना सुट्ट्या लागल्या की अमरावती-यवतमाळचे आणि पुण्या-मुंबईचे नातेवाईक एकाच आठवड्यात उतरतात. (नागपूरचा मे ठाऊक असूनही येतात, रक्ताचं नातं म्हणतात ते हेच.) घरातल्या एकुलत्या एका बाथरूमपुढे सकाळी सहापासून नंबर लागतात आणि घरच्या कर्त्या पुरुषाला एकाएकी तब्येतीची काळजी वाटू लागते. क्लबात शॉवर आहे. बाबा रोज जिमला जातात म्हणून मुलं कौतुक करतात. बाबा साबण आणि दाढीचं सामान घेऊन व्यायामाला निघतात, इकडे कोणाचं लक्ष नसतं.

मी पैसे भरलेल्यांपैकी. पैसे मार्चमध्ये भरले, कारण मार्चमध्ये सूट असते. सूट मार्चमध्येच का असते, हे एप्रिलमध्ये कळतं.

आमचा क्लब पश्चिम नागपुरात, एका बँकेच्या डोक्यावर. मागच्या आवारात पोहण्याचा तलाव. जिममध्ये चार एसी आहेत आणि ते हिवाळ्यात उत्तम चालतात. उन्हाळ्यात लोड येतो म्हणून बंद ठेवावे लागतात, असं मालक सांगतात. मग सगळा कारभार येतो एका कूलरकडे. हा कूलर पुरुषभर उंचीचा, लोखंडी, तीन बाजूंना गवताच्या ताट्या लावलेला आहे. चालू झाला की स्पीकरवरची पंजाबी गाणी ऐकू येत नाहीत, हा त्याचा दुसरा उपयोग.

या कूलरच्या थेट तोंडासमोर छातीच्या व्यायामाचा बेंच आहे. तो तिथे कोणी ठेवला, का ठेवला, कोणाला माहीत नाही; पण आमच्या क्लबातल्या झाडून सगळ्या मेंबरांची शरीरं त्या एका बेंचनं घडवली आहेत. सोमवारी चेस्ट करायची ही जगभरातल्या जिममधली रीत. आमच्याकडे मार्चपासून जूनपर्यंत रोज सोमवार. पाय मारायचं यंत्र मात्र पश्चिमेच्या भिंतीला लागून आहे. ती भिंत दुपारभर तापते आणि संध्याकाळच्या बॅचला सगळी उष्णता सव्याज परत करते. परिणामी उन्हाळ्याच्या शेवटी आमचे मेंबर कमरेच्या वर एका माणसाचे आणि कमरेच्या खाली दुसऱ्याच माणसाचे दिसतात.

बेंच मिळवणं सोपं नाही. आधी बसलेल्याला विचारावं लागतं, "भाऊ, किती सेट राहिले?" उत्तर ठरलेलं: "बस, शेवटचा." हा शेवटचा सेट सुरू व्हायला वेळ लागतो, कारण दोन सेटच्या मध्ये दीड मिनिट विश्रांती घ्यावी असं त्यानं कुठेतरी पाहिलेलं असतं, आणि जिथे पाहिलं ते तो विश्रांतीच्या वेळात पुन्हा पाहत असतो. काही जण उताणे पडून, बारला दोन्ही हात लावून डोळे मिटतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं एकाग्रता. आमचा ट्रेनर पोरगा पंचविशीतला, हनुमाननगरकडचा, पण नजर पक्की. तो जवळ जाऊन हळूच विचारतो, "काकाजी, करून राहिले का झोपून राहिले?"

यावर 'अल्टरनेट मारू' हा उत्तम तोडगा आहे. तू एक सेट कर, तू उठलास की मी, मी उठलो की तू. जगातल्या सगळ्या जिम या तोडग्यावर चालतात. फक्त त्यात एक अट असते, उठावं लागतं. आणि उठताना बेंच पुसावा लागतो.

इथे दुपट्ट्याविषयी बोललंच पाहिजे. उन्हाळ्यात नागपूरचा माणूस दुपट्टा बांधल्याशिवाय गाडीला किक मारत नाही. फक्त डोळे उघडे ठेवून सबंध शहर फिरत असतं, आणि बँकेच्या गार्डलाही त्यात काही वावगं वाटत नाही. क्लबात 'टॉवेल सक्तीचा' अशी सूचना लागली तेव्हा मेंबरांनी दुपट्टा पुढे केला. तेव्हापासून एकच कापड गाडीची तापलेली सीट पुसतं, मग तोंड पुसतं, मग बेंच पुसतं, आणि परत जाताना उलट क्रमानं. ट्रेनरनं हरकत घेतली तर उत्तर मिळतं, "घामच तर हाय, माझाच हाय." माझाच आहे, याच मुद्द्यावर आक्षेप होता, पण तो समजावून सांगण्याइतका दम ४४ अंशांत कोणात उरत नाही.

खिडकीचा तंटा वेगळा. कूलर चालायचा तर खोलीची एखादी खिडकी उघडी हवी. बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून येते, गार होते, आणि तिला बाहेर जायला वाट लागते. वाट बंद केली की दहा मिनिटांत खोली दमट होते, घाम वाळत नाही, आणि घाम वाळला तरच अंग गार होतं. हे शाळेच्या विज्ञानात आहे. पण खिडकीजवळच्या सायकलवर बसलेल्याला आत येणारी लू तेवढी जाणवते. तो उठतो आणि खिडकी लावतो. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस येऊन ती उघडतो. माझ्या मते उन्हाळ्यात आमच्या क्लबातला सर्वांत नियमित व्यायाम हाच.

आता प्लेटा. वीस-वीस किलोच्या सहा प्लेटा पायाच्या मशीनवर चढवायच्या, चार वेळा ढकलायच्या, आरशात पाहून निघून जायचं, ही तरुण मंडळींची पद्धत. त्यांच्यानंतर तिथे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ येतात. त्यांना मशीन रिकामंच चालवायचं असतं. डॉक्टरांनी तसंच सांगितलंय. पण रिकामं करायला आधी एकशे वीस किलो उतरवून जागेवर लावावे लागतात. ते एकेक प्लेट छातीशी धरून नेतात, ठेवतात, दम घेतात. सगळं लागलं की घड्याळ पाहून घरी जातात. गेल्या वर्षभरात त्यांचे दंड त्या पोरांपेक्षा चांगले झालेत, आणि याचं श्रेय ते ट्रेनरला देतात.

हेच गृहस्थ तरुणपणी अमरावतीला होते. विदर्भात व्यायामाची गोष्ट निघाली की अमरावती येणारच: श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं, आणि १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकानं जर्मनीत जाऊन भारतीय खेळ करून दाखवले, कबड्डीसुद्धा. आमचे गृहस्थ मात्र बर्लिनला गेल्याच्या थाटात गल्लीतल्या आखाड्याबद्दल सांगतात. चपला बाहेर. मारुतीला नमस्कार. मातीला हात लावून तो कपाळाला. मुद्गल फिरवून झाला की भिंतीशी त्याच्या जागी; नाही ठेवला तर वस्ताद तोच मुद्गल आणखी पन्नास वेळा फिरवायला लावायचे. "आणि तुम्ही ऐकायचे?" मी विचारलं. "मंग? फी कुठं देत होतो!" ते म्हणाले. मला वाटतं, शिष्टाचाराची सगळी गोची इथेच झाली आहे. आखाड्यात माणूस उपकाराखाली वाकलेला असायचा. इथे वर्षाचे पैसे भरून आलेला असतो, आणि पैसे भरलेला माणूस हॉटेलातही ताट उचलत नाही.

आखाड्यात आरसा नव्हता, हेही आहेच.

सकाळी साडेदहाची बायकांची बॅच या बेशिस्तीला अपवाद. त्या वेळी बाहेर ऊन असं असतं की डांबराला चपला चिकटतात, तरी त्या येतात, वेळेवर येतात, आणि न सांगता अल्टरनेट मारतात. स्क्वॉट चालू असताना कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवायचे की चार, यावर चर्चा होते. चर्चा थांबत नाही आणि स्क्वॉटही थांबत नाहीत. निघताना प्रत्येक डंबेल जोडीनं जागेवर. ट्रेनरनं एकदा पुरुषांच्या बॅचला हे उदाहरण म्हणून सांगितलं. त्यावर एका मेंबरानं, "त्यायले घरीपण सवय असते ना," असं उत्तर दिलं, आणि ते बोलल्यावर आपण काय बोललो याकडे त्याचं लक्ष गेलं नाही.

तलावावर उन्हाळी बॅच सुरू असते. लहान मुलं आठवड्याभरात पाय मारायला शिकतात, पंधरवड्यात तरंगतात, आणि महिनाअखेरीस त्यांना बाहेर काढायला दोन माणसं लागतात. त्यांचे वडील साडेतीन फूट पाण्यात दांडी धरून उभे राहतात आणि मिहानमधल्या प्लॉटचे भाव बोलतात. तलावात उतरण्याआधी शॉवर घ्या, हा साधा नियम, त्याला विरोध असा: "पाण्यातच तर चाललो, आंघोळ कायले?" डोक्याला चपचपीत तेल लावून उतरणाऱ्या एका काकांमुळे एके दिवशी पाण्यावर तवंग दिसला. मुलांनी तो पाहून एका सुरात ओरडा केला: "तर्री!"

म्हणजे आपण खाण्यावर आलो.

दर उन्हाळ्यात क्लबात आहारतज्ज्ञ मॅडमचं भाषण ठेवतात. भाषण सकाळी आठला, हॉलला एसी चालू, त्यामुळे गर्दी भरपूर. मॅडम चांगल्या आहेत, खरं सांगतात. माणसाला दर किलो वजनामागे रोज साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला अठ्ठावन्न. डाळ, चणे, दही, ताक, अंडी यांतून ती मिळतात. ताक प्या, पन्हं प्या पण त्यात गूळ बेतानं, पाणी तहान लागण्याची वाट न पाहता प्या. पावडरीच्या डब्याची गरज नाही. आयसीएमआरच्या पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये दिलेल्या आहारसूचनांतही शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा असंच म्हटलंय. हे ऐकून पुढच्या रांगेतल्या तरुणांचे चेहरे पडले. मागच्या रांगेतल्या त्यांच्या आयांना काळजी नव्हती, कारण प्रोटीनच्या डब्याची खरी कारकीर्द पावडर संपल्यावर सुरू होते. घट्ट झाकण, रुंद तोंड, आत चार किलो कुरडया. आमच्या वस्तीत असे डबे नसलेलं घर नाही.

प्रश्नोत्तरांत नागपूर उभं राहिलं. पहिला प्रश्न तर्री पोह्यांचा. प्रश्न कसला, निवेदनच होतं: पोहे म्हणजे कार्ब, तर्रीतले चणे म्हणजे प्रोटीन, वरून कांदा म्हणजे फायबर, लिंबू म्हणजे व्हिटॅमिन सी. एका प्लेटीत सगळं आलं, मग वेगळा डाएट प्लान कशाला? मॅडम म्हणाल्या, "चणे चांगलेच आहेत. वर तरंगतं ते तेल तेवढं नको." हॉल शांत झाला. मग कोणीतरी अत्यंत आदरानं म्हणालं, "मॅडम, तेच तर तर्री हाय."

दुसरा प्रश्न आंब्याचा. आमच्याकडे हापूस पाहुण्यापुरता. घरी पेटी येते ती बैगनपल्लीची, आणि अक्षय्य तृतीयेनंतर रोज रस. सोबत पोळ्या, शेवया, एखाद्या जुन्या घरात सरगुंडे. मॅडमनी आंब्याला नाही म्हटलं नाही. शंभर ग्रॅमला साठेक कॅलरी, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. एक आंबा खा, कापून खा, चावून खा. रसात चार-पाच आंबे एका वाटीत जातात आणि वाटी एक राहत नाही, म्हणून रस नको. यावर विचार करून एका मेंबरानं शंका काढली, "रस चावून पिला तर?"

आमच्यातले एकजण डॉक्टर दीक्षितांची पद्धत पाळतात: दिवसातून दोनदाच जेवायचं आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवायचं. ते पाटावर बसताना मोबाइलवर गजर लावतात. पद्धत साधी आणि त्यांची निष्ठाही खरी; पण पंचावन्न मिनिटं हा विदर्भातल्या रसाच्या पंगतीत थोडाथोडका काळ नव्हे. घरात सुट्टीला आलेल्या तीन मावश्या वाढायला असल्या की पंचावन्नाव्या मिनिटाला माणूस स्वतःहून उठू शकत नाही, त्याला दोन्ही हातांना धरून उठवावं लागतं.

याचा हिशेब वजनकाट्यावर निघतो. तिथेही सुटका करून घेण्याची सोय नागपूरनं केली आहे. ३० मे २०२४ रोजी शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं तापमान छप्पन अंश दाखवलं. देशभर बातमी झाली. मग हवामान खात्यानं सांगितलं, सेन्सर बिघडला होता. तेव्हापासून आमच्या काट्यावर उभा राहणारा प्रत्येक माणूस आकडा पाहतो, उतरतो, पुन्हा चढतो, आणि ट्रेनरला हाक मारून म्हणतो, "सेन्सर पाहून घे बे याचा."

मेच्या पंचवीस तारखेच्या सुमारास सूर्य रोहिणीत शिरतो आणि नवतपा लागतो. नऊ दिवस. या नऊ दिवसांत माणसानं जिमला जावं का, यावर मेंबरांची सभा झाली आणि जाऊ नये असं एकमतानं ठरलं. मात्र वाया जाणारे नऊ दिवस वर्गणीच्या शेवटी वाढवून मिळावेत, असा अर्ज मालकांकडे गेला. अर्जावर पंचेचाळीस सह्या होत्या. वर्षभरात क्लबात इतके लोक एकत्र कधी दिसले नव्हते.

मालक व्यवहारी. ते म्हणाले, दिले नऊ दिवस. पण क्लब चालू राहील, आणि ज्याला यायचं तो येईल. आलेल्यांपैकी कोणाची प्लेट जमिनीवर किंवा मशीनवर राहिलेली दिसली, तर प्लेटीमागे एक दिवस सगळ्यांचा कापणार. मेंबरांना यात धोका दिसला नाही. येणारच कोण?

घरी पाहुणे होते. सगळे आले. निवृत्त गृहस्थ तेवढे नातवंडांना घेऊन चिखलदऱ्याला गेले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ट्रेनरनं वहीत मांडणी केली तेव्हा नऊ दिवस संपून मेंबरांकडेच क्लबचे अकरा दिवस निघत होते. मालकांनी ते पावसाळ्यात वळते करून घ्यायचं ठरवलं आहे. मेंबरांचीही हरकत नाही. पावसाळ्यात तसंही कोणी येत नाही.