जवळचा वारस

जावातला एखादा प्रोग्राम तक्रारीचा शब्द न काढता कंपाइल व्हावा, महिनाभर त्याने निमूटपणे चाकरी करावी, आणि महिनाअखेरीचा अहवाल निघण्याच्या ऐन घटकेस 'नोसचमेथडएरर' असा टाहो फोडून आडवे व्हावे, यापरते चमत्कारिक दृश्य आमच्या धंद्यात क्वचितच पाहावयास मिळते. बरे, एक्सेप्शन पकडण्यासाठी जागोजागी बसविलेल्या पहाऱ्यातूनही हे महाशय सहीसलामत निसटतात. कारण दप्तरी त्यांची नोंद एरर अशी आहे, एक्सेप्शन अशी नव्हे.

परवा आमच्याकडे जी मेथड गहाळ झाली तिचे नाव 'टूस्ट्रिंगहेल्पर', राहणार ग्वावा लायब्ररी, आणि काम काय, तर ऑब्जेक्टला लॉगमध्ये आपली ओळख नीट सांगता यावी म्हणून साहाय्य करणे. साऱ्या अहवालाचे गणित बिनचूक सोडवून झाल्यावर आमचा प्रोग्राम गतप्राण झाला तो केवळ स्वतःचे नाव सांगताना! ग्वावाच्या 18व्या आवृत्तीत या मेथडची 'ऑब्जेक्ट्स'मधून 'मोअरऑब्जेक्ट्स'मध्ये बदली झाली आणि 21व्या आवृत्तीत जुन्या ठिकाणचे तिचे नाव पटावरून कमी झाले. परंतु अहवालाची आमची लायब्ररी या फेरबदलापूर्वीच कंपाइल होऊन बसलेली असल्यामुळे जुन्याच पत्त्यावर हाका मारीत राहिली, आणि जेव्हीएमचा शिरस्ता असा, की प्रत्यक्ष त्या ओळीवर पाऊल पडेपर्यंत पत्ता खरा की खोटा याची चौकशी ते सहसा करीत नाही.

'क्लीन बिल्ड मारून बघा' हा ज्येष्ठांचा सल्ला यथासांग पाळला गेला. त्याने कोणाचे भले झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. तथापि तो पाळल्यावाचून पुढे जाणे शिष्टसंमत नाही.

एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या दावा सांगू लागल्या म्हणजे मेवन वतनाच्या वारसाचा करावा तसा निवाडा करतो: कोण जाणता, कोण कर्ता, याची विचारपूस नाही; वंशवृक्षात मूळ पुरुषाला जो अधिक जवळचा तो वारस, आणि अंतर सारखेच असेल तर पॉम फाइलीत ज्याच्या घराण्याचा उल्लेख आधी तो. हरलेल्या भाऊबंदांची नावे साध्या वंशावळीत दिसतही नाहीत. 'डिपेन्डन्सी ट्री'ला 'व्हर्बोज' अशी जादा ताकीद दिली तेव्हा कुठे 'ओमिटेड फॉर कॉन्फ्लिक्ट' असा शेरा कपाळी घेऊन जुनी ग्वावा उजेडात आली. ग्रेडलच्या दरबारी मुळात नव्यात नव्या आवृत्तीची सरशी होते; म्हणजे कचेरी बदलूनही आमचा निकाल बदलला नसता.

जुन्या ग्वावाला गादीवर बसवावे, तर दुसरी एक लायब्ररी रुसते. तिला नव्या आवृत्तीतल्याच मेथड हव्यात. अखेर शेड प्लगिनकरवी जुन्या ग्वावाचे पॅकेजनाम पालटून तिला अहवालाच्या लायब्ररीच्या जारमध्ये दत्तक बसविले, आणि आता दोघी एका छपराखाली, परस्परांची ओळख न दाखविता नांदत आहेत. जारचे वजन वाढले, त्याला इलाज नाही. पॉम फाइलीतील हा मजकूर वरवर पाहता अगदी निरुपयोगी दिसतो. मागाहून येणाऱ्या नीटनेटकेपणाच्या भोक्त्यांनी झाडझुडीच्या भरात तो काढू नये, आणि काढलाच तर त्या रात्री मला फोन करू नये, एवढी विनंती.